शुद्धिपत्र

‘‘मेला तो कोण होता हो?’’

हिचा प्रश्न साधा होता. स्वयंपाकघरातली आवराआवर करून ती उशिरा येऊन बसली होती, आणि गोष्टीचा धागा पकडायला तिला एवढंच हवं होतं. न्यू जर्सीत मुलीकडे आम्ही चार महिने राहिलो होतो, तेव्हाची ही रविवारची रात्र. जुन्या मालिका दाखवणाऱ्या एका वाहिनीवर ‘कोलंबो’ लागलं होतं. खून कोणी केला, कसा केला, खुन्याचं बोलणं किती लाघवी, त्याच्या अंगावरचे कपडे किती नेटके, हे सगळं मी तिला सांगू शकलो असतो. मेलेल्या माणसाचं नाव मात्र आठवेना. अर्ध्या तासापूर्वी तो माझ्या डोळ्यांसमोर मेला होता.

‘‘त्याचा भागीदार,’’ मी म्हणालो. तिचं समाधान झालं. माझं झालं नाही, आणि त्या रात्रीपासून मन जे खाऊ लागलं ते थांबलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

‘कोलंबो’ ही खुनाच्या रहस्याची मालिका असली, तरी खुनी कोण हे तिच्यात रहस्य नसतं. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत खून आपल्यासमोर होतो. मग लॉस एंजलिस पोलिसांचा तो चुरगळलेला लेफ्टनंट येतो आणि आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या सत्याकडे एकेक पाऊल टाकत जातो. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या दोन शाळासोबत्यांनी हा माणूस घडवला. १९६० साली तो पहिल्यांदा टीव्हीवर आला तो दुसऱ्याच नटाच्या रूपात. पीटर फॉक १९६८ साली आला आणि २००३पर्यंत एकूण ६९ भागांत तोच राहिला. दस्तयेवस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मधला पोर्फिरी पेत्रोविच हा या लेफ्टनंटचा पूर्वज, हे त्याच्या निर्मात्यांनीच सांगितलं होतं. पोर्फिरीही असाच बोलता बोलता विषयांतर करतो, जातो जातो म्हणतो आणि गुन्हेगाराच्या मनात बसून राहतो.

मी बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय आणि झुंजारवर वाढलेला मुलगा. त्या पुस्तकांत मी कायम शोध घेणाऱ्याबरोबर धावलो. कोलंबो बघताना मात्र माझी जागा बदलते. कारण पहिली वीस मिनिटं मी खुन्याबरोबर असतो. त्याची योजना मला ठाऊक, त्याने पुसलेले ठसे मी पाहिलेले, त्याची भीती माझ्या ओळखीची झालेली. मग कोलंबो गालिच्यावर वाकून काहीतरी निरखू लागला की माझा श्वास अडकतो, आणि तो खुन्यासाठी अडकतो. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ही गोष्ट सांगण्याच्या पद्धतीची करामत. ते काही अंशी खरं आहे. पण पद्धत मला दारापर्यंत नेते. आत पाऊल मी टाकतो. मला ते लोक आवडतात. ते शिकलेले असतात, त्यांच्या घरात पुस्तकं आणि चित्रं असतात, त्यांना चांगलं बोलता येतं.

१९७३च्या एका भागात डोनाल्ड प्लेझन्सने रंगवलेला एड्रियन कार्सिनी हा द्राक्षमद्याचा जाणकार आहे. सावत्र भाऊ पिढीजात मद्यशाळा विकायला निघतो, तेव्हा तो त्याला मारतो. तो भाग मी तीनदा पाहिला, आणि तिन्ही वेळा मला वाईट वाटलं ते कार्सिनीच्या खराब झालेल्या मद्याचं. बंद तळघरात गुदमरून मेलेल्या भावाचं वाईट वाटलं, असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

आणि तो रेनकोट. तो पीटर फॉकचा स्वतःचा होता, घरून आणलेला. चुरगळलेला रेनकोट, खडखडणारी जुनी प्यूजो ४०३, विझत आलेली सिगार, आणि लिहून घ्यायला पेन्सिल हवी म्हणून खुन्यापुढेच पसरलेला हात. त्याला पाहिल्याबरोबर खुनी निर्धास्त होतो, आणि तिथेच तो हरायला लागतो. आपण प्रेक्षक त्याच्या या फसण्यावर खूश होतो. पण मी स्वतःला विचारलं: तो कोट घालून हा माणूस माझ्या दारात आला असता, तर मी त्याला खुर्ची दिली असती का?

याचं उत्तर मला माहीत होतं, कारण तो एकदा आला होता.

मी एका शिक्षणसंस्थेत मराठी शिकवत असे. १९८६ साली संस्थेला पन्नास वर्षं झाली, स्मरणिका काढायचं ठरलं आणि संपादन माझ्याकडे आलं. कार्यालयात एक ज्येष्ठ कारकून होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही म्हणत असे. ते मला ‘सर’ म्हणत. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांच्या शर्टाची कॉलर झिजली की ती उसवून, उलटवून पुन्हा शिवलेली असे. मला ती शिवण दिसायची. हे मी आज लिहितो आहे तेव्हाही ती डोळ्यांसमोर आहे, आणि त्यांचा चेहरा तितका स्पष्ट नाही.

स्मरणिकेचं निघाल्यावर पंधरा दिवसांनी अण्णांनी टाचणी लावलेले चौदा फुलस्केप कागद माझ्या टेबलावर ठेवले. संस्थेच्या पहिल्या दहा वर्षांची हकिकत होती. त्यांनी जुनी इतिवृत्तं वाचली होती, देणग्यांची पावतीपुस्तकं चाळली होती, पहिल्या मुख्याध्यापकांच्या पत्नीला दोनदा भेटून आले होते. कोणी बैलगाडीभर दगड दिला, कोणत्या बाईंनी हातातल्या पाटल्या दिल्या, पहिल्या पावसात गळणाऱ्या वर्गात मुलं कशी बसली, हे सगळं त्यात होतं. ‘‘सर, जमलं तसं लिहिलंय. तुमचा हात फिरला म्हणजे बरं,’’ असं म्हणून ते गेले.

मी हात फिरवला. लेख छापला. लेखक म्हणून नाव माझं घातलं. शेवटच्या पानावर ‘कार्यालयीन सहकार्य’ म्हणून जी सहा नावं होती, त्यांत अण्णांचं चौथं होतं.

प्रमुख पाहुण्यांनी भाषणात त्या लेखाचा उल्लेख केला. तो वाचून एका संपादकांनी मला लिहायला सांगितलं. लोक आज मला लेखक म्हणतात, त्याची पहिली वीट तो लेख आहे.

आता त्या रात्रीच्या भागाबद्दल. ‘कोलंबो’च्या नियमित मालिकेतला तो पहिला भाग, १५ सप्टेंबर १९७१चा. स्टीव्हन स्पीलबर्गने तो दिग्दर्शित केला तेव्हा तो २४ वर्षांचा होता. केन फ्रँकलिन आणि जिम फेरिस हे दोघं मिळून लोकप्रिय रहस्यकथा लिहितात, असं जगाला वाटतं. खरं म्हणजे लिहितो जिम एकटा. केन मुलाखती देतो, हसतो, सह्या करतो. जिमला आता स्वतंत्र लिहायचं आहे, म्हणून केन त्याला मारतो. टंकलेखनयंत्रापाशी बसणारा मरतो आणि नाव मिरवणारा उरतो. हिने विचारल्यावर मला आठवलं नाही ते नाव जिम फेरिस.

केन प्रेत स्वतःच्याच अंगणात आणून टाकतो आणि पोलिसांना बोलावतो. कोलंबोच्या नजरेत भरते ती एक बारीक गोष्ट. मित्राचा मृतदेह बाहेर पडलेला असताना केनने आपलं टपाल उघडून पाहिलेलं असतं. ज्याचं काळीज हललंय तो बिलं उघडत बसत नाही. पुढे केन आणखी एक खून करतो. लिली ला सँका ही गावातली दुकानदारीण. तिने जिमला केनच्या गाडीत पाहिलेलं असतं आणि गप्प राहायचे ती पैसे मागते, पण तिला पैशांपेक्षा केनची सोबत हवी असते. तो तिला शॅम्पेनच्या बाटलीने मारतो आणि ती तळ्यात बुडाल्याचा देखावा करतो. तिचं भाबडं नटणं आणि अति बोलणं पाहून मी हसलो होतो. खुनी तिच्याकडे ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने मीही तिच्याकडे बघत होतो.

स्मरणिका निघाल्यावर आठवड्याने अण्णा माझ्या खोलीत आले. कुठल्याशा रजेच्या अर्जावर सही हवी होती. सही झाली. ते दारापर्यंत गेले, थांबले आणि वळले.

‘‘सर, एक राहिलंच. पान नऊवर इमारतीचं वर्ष १९३४ पडलंय. ते १९४३ आहे. पुढेमागे छापाल तेव्हा बघा.’’

मी ‘‘हो का? बघतो,’’ म्हणालो. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग गेले. त्यानंतर तो विषय त्यांनी कधीही काढला नाही. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात मी त्यांच्यावर बोललो, आणि चांगलं बोललो.

संस्था निघाली १९३६ साली. म्हणजे माझ्या नावाच्या लेखात संस्था निघण्याच्या दोन वर्षं आधीच तिची इमारत उभी होती. ज्याने ती पावतीपुस्तकं हाताळली, त्याच्या हातून असं वर्ष उतरूच शकत नाही. उतरलं असतं तरी छापलेलं पहिल्यांदा वाचताना ते त्याच्या डोळ्यांत खुपलं असतं. मला खुपलं नाही, कारण छापलेला लेख मी वाचलाच नव्हता. मी माझं नाव पाहिलं आणि अभिनंदनं स्वीकारली. अण्णांनी तो वाचला होता, ओळ न् ओळ, आणि त्यांना नाव गेल्यापेक्षा वर्ष चुकल्याचं दुःख मोठं होतं. लेख कोणाचा, हे कव्हरवरून ठरत नाही. चूक कोणाला टोचते त्यावरून ठरतं. केनचं उघडलेलं टपाल आणि माझं न वाचलेलं पान नऊ, दोन्ही एकाच जातीचे पुरावे आहेत.

या मालिकेच्या भोवती घडलेली एक खरी हकिकत मला पूर्वी गमतीची वाटायची. कोलंबोचं पहिलं नाव मालिकेत कधी उच्चारलं जात नाही. १९७१च्या एका भागात त्याच्या ओळखपत्रावर ‘फ्रँक’ असं दिसतं. फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने आपल्या माहितीकोशात मुद्दामच त्याचं नाव ‘फिलिप’ असं खोटं घातलं, कोणी पुस्तकातून उचललं तर पकडता यावं म्हणून. ‘ट्रिव्हियल परसूट’ या खेळाच्या प्रश्नांत ते ‘फिलिप’ जसंच्या तसं आलं. १९८४ साली वर्थने ३० कोटी डॉलरचा दावा लावला. तो हरला, माहितीवर कोणाची मालकी नसते, असं न्यायालयाने धरलं. मला त्या निकालाने आता दिलासा मिळत नाही. बैलगाडीभर दगडाची माहिती कोणाच्याच मालकीची नसेल. पण ती शोधायला जे दुपारच्या उन्हात चालत गेले ते पाय अण्णांचे होते.

मी किती बारीकसारीक गोष्टी जाणतो, हेही मी मोजून पाहिलं. कोलंबोच्या कुत्र्याला नाव नाही, त्याला नुसतं ‘कुत्रा’ म्हणतात, हे मला ठाऊक. ज्या बायकोबद्दल तो सतत बोलतो ती या ६९ भागांत एकदाही दिसत नाही, हे ठाऊक. पीटर फॉकचा उजवा डोळा तिसऱ्या वर्षीच गेला होता आणि तिथे काचेचा डोळा होता, हे ठाऊक. आणि ज्या माणसाच्या शेजारी मी बारा वर्षं काम केलं, त्याच्या घरात कोण कोण आहे, हे मला ठाऊक नव्हतं. अण्णांची पत्नी माझ्यासाठी कोलंबोच्या बायकोसारखीच होती: बोलण्यात यायची, दिसली कधीच नाही. फरक एवढाच, की ती खरी होती आणि मी कधी त्यांच्या घरी गेलो नाही.

जॅनेट लीचा एक भाग आहे, १९७५चा. तिने साकारलेली ग्रेस व्हीलर ही जुनी अभिनेत्री नवऱ्याला मारते. पण तिच्या मेंदूला असाध्य आजार आहे, आणि आपण खून केला हेच ती विसरून गेली आहे. तिच्यावर जन्मभर प्रेम करणारा सहकारी खोटा कबुलीजबाब देतो. कोलंबोला सगळं कळतं आणि तरी तो ते स्वीकारतो, कारण तिच्याजवळ थोडेच दिवस उरले आहेत. तो भाग पाहून मी नेहमी हळवा होत असे. यावेळी माझ्या मनात दुसरंच आलं. ग्रेस विसरली ती आजारामुळे. मला आजार नव्हता. मी विसरण्याची व्यवस्था केली होती. ‘बरंच नव्याने लिहावं लागलं’, हे वाक्य मी लोकांना इतक्या वेळा सांगितलं की ते मलाही खरं वाटू लागलं.

ते खरं आहे का, हे तपासायची सोय माझ्याजवळ होती, आणि जवळजवळ चाळीस वर्षं मी ती वापरली नव्हती. पुण्याला परतल्यावर माळ्यावरची ट्रंक काढली. स्मरणिकेच्या फायलीत अण्णांचे चौदा कागद होते, टाचणी गंजून कागदावर तांबूस डाग पडलेला. एका बाजूला ते ठेवले, दुसऱ्या बाजूला छापील लेख, आणि पेन्सिल घेऊन बसलो. जे वाक्य माझं, त्याखाली रेघ मारायची असं ठरवलं.

पहिला परिच्छेद माझा निघाला. शेवटचा माझा. मध्ये सतरा ठिकाणी शब्द बदललेले, बहुतेक ठिकाणी साधा शब्द काढून भारी शब्द घातलेला. बाकी सगळं अण्णांचं. पाटल्या देणाऱ्या बाईंचा परिच्छेद, ज्याचं सर्वांत जास्त कौतुक झालं, त्यात माझा एक स्वल्पविरामही नव्हता. अक्षर लागलं नसेल म्हणून वर्ष चुकलं, अशी एक आशा मनात होती. आठव्या कागदावर ते होतं. १९४३. टपोरं, सुटं, आणि खात्रीसाठी खाली बारीक रेघ मारलेली.

स्वतःच्या बचावाची वाक्यं मी या महिन्यात खूप ऐकली, सगळी माझ्याच आवाजात. तेव्हा असंच चालायचं. त्यांनी तक्रार केली नाही. मी खून तर केला नाही. पहिलं खरं आहे, पण चालायचं ते आमच्यासारख्यांनी चालवलं म्हणून. दुसऱ्यातली लबाडी मला आता कळते: तक्रार करता येईल एवढी जागा मी त्यांना दिली नव्हती. आणि तिसऱ्याबद्दल एवढंच म्हणतो, की माणूस जिवंत असतानाही त्याला त्याच्या कामातून पुसून टाकता येतं.

कोलंबोची एक गोष्ट मात्र मला धीर देते. तो गुन्हेगाराचा द्वेष करत नाही. १९७७च्या भागात रूथ गॉर्डनने रंगवलेली वृद्ध रहस्यकथाकार त्याला अचानक श्रोत्यांपुढे उभं करते. तिथे तो सांगतो की त्याला माणसं आवडतात, भेटलेले काही खुनीसुद्धा. त्यांनी केलेलं कृत्य नव्हे, पण त्यांच्यातला चांगला भाग. समोर बसलेल्या त्या बाईंवर त्याचा संशय आहे आणि तिच्याबद्दल त्याला आदरही आहे. तरी तो तिला सोडत नाही. आपली सदसद्विवेकबुद्धी अशीच असावी, असं मला वाटतं. ती आरडाओरडा करत नाही, अपमान करत नाही. दारातून वळून एवढंच म्हणते, एक राहिलंच. आपण तेवढ्यापुरतं ‘बघतो’ म्हणून तिला वाटेला लावू शकतो. ती पुन्हा येते.

अण्णा आता नाहीत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, हे मला चौकशी केल्यावर कळलं. त्यांच्या मुलीचा पत्ता मिळवून मी तिच्या घरी गेलो. मूळ चौदा कागद तिच्या हातात दिले आणि सगळं सांगितलं. तिने अक्षरावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘‘बाबांनी हे लिहिलं होतं, हे आईला माहीत होतं.’’ पुढे ती काही बोलली नाही आणि मीही माफी हा शब्द दुसऱ्यांदा उच्चारला नाही. वडिलांचं पूर्ण नाव मासिकात येऊ नये, असं तिने सांगितलं, म्हणून इथे ते लिहिलेलं नाही.

संस्थेच्या ग्रंथालयात स्मरणिकेची एक प्रत आहे. परवानगी घेऊन मी तिच्यात एक चिठ्ठी चिकटवून आलो. तिच्यावर दोन ओळी आहेत आणि खाली माझी सही आहे. इथे त्यातलं फक्त नाव बदललं आहे.

पान ९, ओळ ६: ‘१९३४’ ऐवजी ‘१९४३’ असे वाचावे.

पान ७: लेखकाचे नाव चुकीचे छापले आहे. हा लेख अण्णांचा आहे.